परक्याचे मूल : डॉ. विल्यम कार्लोस विल्यम्सचे व्यावसायिक जीवन आणि लेखन

१

लेखकाचा व्यवसाय आणि त्याचे लेखन यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा तक्रारीच्या स्वरूपातच विचारला जातो. कचेरीतील फायलींनी कवीचा बळी घेतला, शाळेतील तासांनी कादंबरीकाराला सवड मिळू दिली नाही, पोटाच्या उद्योगापायी प्रतिभेचे पाणी आटून गेले, अशा प्रकारची विधाने मराठीतच नव्हे, तर भारतातील सर्वच भाषांच्या साहित्यचर्चेत वरचेवर कानांवर येतात. या तक्रारीत मुळीच तथ्य नाही असे कोण म्हणेल? परंतु तिच्या मुळाशी एक गृहीत दडलेले असते आणि ते तपासून पाहण्याची तसदी आपण क्वचितच घेतो. व्यवसाय ही लेखनाच्या बाहेरची, लेखनाला सर्वस्वी परकी अशी गोष्ट आहे. ती जितकी कमी तितके लेखन अधिक व सरस, असे ते गृहीत होय. त्याची परीक्षा करावयाची तर ज्याने उभे आयुष्य दुसरा एखादा व्यवसाय पूर्ण वेळ केला, तो मनापासून केला, आणि तरीही ज्याचे लेखन हौशी ठरले नाही, अशा लेखकाकडे वळले पाहिजे.

डॉक्टर-लेखक म्हटले की चेकॉव्हचे नाव प्रथम आठवते. पण चेकॉव्ह वयाच्या ४४ व्या वर्षी निवर्तला आणि अखेरच्या वर्षांत त्याची नियमित वैद्यकी जवळजवळ सुटली होती. याउलट अमेरिकन कवी व कथाकार विल्यम कार्लोस विल्यम्स (१८८३-१९६३) याने १९१० पासून १९५१ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, एकाच गावी राहून दवाखाना चालविला. तो प्रामुख्याने मुलांचा डॉक्टर होता. निवृत्त होण्याच्या सुमारास त्याने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि निवृत्तीनंतरची अकराबारा वर्षे आजारपणात, पण लिहिण्यात घालविली. म्हणजे व्यवसायाच्या आरंभीचा, व्यवसायात बुडालेला आणि व्यवसाय सुटलेला असे एकाच लेखकाचे तीन काळ येथे आपल्यासमोर स्वच्छ उभे राहतात. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने याहून सोयीचे उदाहरण मिळणे कठीण.

२

विल्यम्सचा जन्म न्यू जर्सीमधील रदरफर्ड या लहानशा गावी १७ सप्टेंबर १८८३ रोजी झाला आणि ४ मार्च १९६३ रोजी तेथेच त्याचा अंत झाला. त्याचे वडील इंग्लंडात जन्मलेले, कॅरिबियन बेटांत वाढलेले आणि अमेरिकेत आयुष्य काढूनही तेथले नागरिकत्व न घेतलेले असे गृहस्थ होते. आई पोर्टो रिकोची. तरुणपणी पॅरिसला चित्रकला शिकून आलेली. घरात इंग्रजीच्या बरोबरीने स्पॅनिश व फ्रेंच कानांवर पडत असे. अमेरिकन बोलीचा कवी म्हणून ज्याची पुढे ख्याती झाली, त्याच्या आईची भाषा इंग्रजी नव्हती, ही गोष्ट बहुभाषी देशातील वाचकांनी आवर्जून ध्यानी घ्यावी अशी आहे. जी भाषा आपल्याला जन्माने सहज मिळाली असे वाटत नाही, ती माणूस अधिक सावधपणे ऐकतो.

शालेय शिक्षणाचा काही काळ स्वित्झर्लंड व पॅरिस येथे आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये घालवून १९०२ साली तो फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वैद्यकाचा विद्यार्थी म्हणून दाखल झाला. तेथे एझ्रा पाउंडशी त्याची मैत्री जमली. हिल्डा डूलिटल ही कवयित्री आणि चार्ल्स डेमथ हा चित्रकार यांचीही ओळख तेथलीच. १९०६ साली पदवी मिळाल्यावर न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत त्याने उमेदवारी केली. त्यांपैकी एका ठिकाणी, जो अहवाल खरा आहे अशी आपली खात्री नाही त्यावर सही करण्याचे त्याने नाकारले आणि चालून आलेली वाट सोडून दिली. मोठ्या शहरातील मानाच्या वैद्यकीला तो येथेच मुकला. त्यानंतर बालरोगांच्या विशेष अभ्यासासाठी लाइपझिगला काही काळ राहून तो परतला आणि १९१० साली त्याने रदरफर्डला व्यवसाय मांडला. १९१२ साली फ्लॉरेन्स हर्मन हिच्याशी त्याचा विवाह झाला. पुढल्याच वर्षी ९, रिज रोड हे घर त्यांनी घेतले. दवाखाना घरालाच लागून होता.

फिलाडेल्फियाचे नाव मराठी वाचकाच्या मनात एक वेगळी आठवण जागी करते. विल्यम्स त्या शहरी जाण्यापूर्वी सोळा वर्षे, १८८६ मध्ये, डॉ. आनंदीबाई जोशी यांनी तेथल्याच स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली होती. जन्मल्यानंतर दहा दिवसांत दगावलेल्या स्वतःच्या मुलाचे दुःख त्यांच्या या निर्धाराच्या मुळाशी होते, हे सर्वश्रुत आहे. १८८७ च्या फेब्रुवारीत त्या पुण्यास निवर्तल्या. शिकलेली विद्या व्यवसायात उतरविण्यास त्यांना अवसरच मिळाला नाही. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रापासून श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीपर्यंत मराठीने हे जीवन पुनःपुन्हा आठवले, आणि ते योग्यच झाले. पण त्यामुळे डॉक्टर म्हटला की संकल्प, त्याग आणि अकाली शेवट अशी एक उदात्त आकृती आपल्या मनात ठसली. दररोज सकाळी दवाखाना उघडणे, मध्यरात्री दार वाजले की उठणे, फी न मिळणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गल्लीत जाणे हे चाळीस वर्षांचे अनुदात्त आयुष्य वाङ्मयाचा विषय कसे होते, हे पाहण्यासाठी विल्यम्सकडे जावे लागते.

हे आयुष्य कसे होते? पॅसेइक नदीच्या काठी गिरण्यांची गावे होती आणि त्यांत पोलंड, इटली, रशिया इत्यादी देशांतून आलेली श्रमिक कुटुंबे राहत होती. बालरोगचिकित्सा ही त्या काळी अमेरिकेतही नवी शाखा होती. बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संस्था तेथे १९३० साली स्थापन झाली. लहान गावात केवळ मुलांवर दवाखाना चालणे शक्य नव्हते. त्यामुळे विल्यम्सने सर्व प्रकारचे रुग्ण पाहिले आणि दोन हजारांहून अधिक बाळंतपणे केली. त्यांतली कितीतरी त्या कुटुंबांच्या स्वयंपाकघरांत व अंधाऱ्या खोल्यांत. शिवाय पॅसेइकच्या रुग्णालयात तो अनेक वर्षे मुलांचा विभाग पाहत असे.

येथे वैद्यकाच्या इतिहासातील एक साधी गोष्ट विसरून चालणार नाही. पेनिसिलिन सर्वसामान्यांच्या उपयोगी आले ते १९४० नंतरच्या दशकात. घटसर्पावरची प्रतिविषाची लस विल्यम्सच्या विद्यार्थिदशेपूर्वीच उपलब्ध झाली होती; पण न्यूमोनिया, कानातील पू, तान्ह्या मुलांचा अतिसार यांपुढे डॉक्टरच्या हाती औषध असे फारसे नव्हते. त्याच्या व्यवसायाची पहिली तीस वर्षे पाहणे, ऐकणे आणि हाताने चाचपणे यांवरच चालली. त्यातून त्याचा रुग्ण असा की, ज्याला बोलता येत नाही! मोठा माणूस आपले दुखणे सांगतो. पुष्कळदा खोटेही सांगतो. तान्हे मूल काहीच सांगत नाही. त्वचेचा रंग, श्वासाचा आवाज, मान ताठ आहे की सैल, रडण्यात जोर आहे की नाही, एवढ्यावरून सगळे जाणावयाचे. वस्तूचा अर्थ वस्तूतच शोधावा, तिच्यावर बाहेरून कल्पना लादू नयेत, ही विल्यम्सची काव्यविषयक भूमिका सुप्रसिद्ध आहे. तिची मुळे समीक्षक चित्रकलेत आणि पाउंडच्या प्रतिमावादात शोधतात. ती तेथे आहेतच. परंतु जो मनुष्य रोज वीस मुके रुग्ण तपासत असे, त्याला ही दृष्टी केवळ पाउंडने दिली असे मानणे मला कठीण वाटते.

३

१९५१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आत्मचरित्राकडे आपण या अपेक्षेने वळतो आणि प्रथम आपली निराशा होते. हे पुस्तक विस्कळीत आहे. त्याच वर्षी आलेल्या पक्षाघाताच्या पहिल्या झटक्यानंतर त्याने ते घाईने पुरे केले आणि ती घाई पानोपानी जाणवते. प्रकरणे लहान, तुटक आणि पुष्कळदा केवळ ओळखीच्या माणसांची यादी देणारी अशी आहेत. पॅरिसमधील मेजवान्या, नियतकालिकांची भांडणे, कोण कोणास काय म्हणाला, यांत बरीच जागा गेली आहे. तपशिलाच्या चुकाही थोड्या नाहीत; पॉल मरियानी याने १९८१ साली लिहिलेल्या विस्तृत चरित्राशी ताडून पाहिले की त्या ध्यानात येतात. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’ने (१९२२) आपल्या पिढीच्या कार्याचा विध्वंस केला, कविता पुन्हा पंडितांच्या हवाली केली, हा त्याचा रागही येथे तीस वर्षांनंतर तितकाच ताजा आहे. तो समजण्यासारखा असला, तरी त्याचे विवेचन त्याने केलेले नाही; केवळ उच्चार केला आहे.

मग या पुस्तकात टिकण्यासारखे काय आहे? दवाखान्याविषयीची मोजकी पाने. मेजाला जोडलेले टंकलेखनयंत्र फळी वर ओढली की तयार होई. एक रुग्ण गेला आणि दुसरा आला नाही एवढ्या अवधीत तो चार ओळी उमटवी, आणि दार वाजले की यंत्र पुन्हा मेजात जाई. हे तो सांगतो तेव्हा तक्रारीचा सूर नसतो. उलट आपली वैद्यकी व आपले लेखन ही दोन कामे नसून एकच होते, असे त्याचे म्हणणे आहे. थकून भागून रुग्णाच्या दारात गेल्यावर त्या माणसात आपण स्वतःला विसरलो आणि बाहेर पडताना थकवा उरलेला नव्हता, या अनुभवाचे त्याने केलेले वर्णन आत्मचरित्राच्या वाङ्मयात निराळे उठून दिसते. माणसे आपले दुःख सांगू पाहतात, ते त्यांना सांगता येत नाही, आणि त्या अर्धवट शब्दांतच कविता दडलेली असते, असे तो मानतो.

येथे एका सुलभ उपपत्तीपासून सावध राहिले पाहिजे. डॉक्टरला वेळ कमी, औषधाची चिठ्ठी लहान, म्हणून त्याच्या कविता आखूड, असे म्हणण्याचा मोह होतो. औषधाच्या चिठ्ठ्यांवर तो ओळी टिपून ठेवी हे खरेच आहे. पण ‘पॅटर्सन’ या दीर्घकाव्याचे पहिले चार खंड १९४६ ते १९५१ या वर्षांत, म्हणजे दवाखाना चालू असतानाच प्रसिद्ध झाले. एका सबंध शहराचा इतिहास, तेथला धबधबा, जुनी कागदपत्रे, लोकांची पत्रे यांना सामावून घेणारी ही रचना चिठ्ठीच्या आकाराची नव्हे. व्यवसायाने विल्यम्सला रूप दिले नाही; दृष्टी दिली. रूपाचा शोध त्याला कवी म्हणूनच घ्यावा लागला.

त्याच्या सर्वांत प्रसिद्ध कवितेविषयी एक आख्यायिका वर्गांतून सांगितली जाते, ती या संदर्भात उद्बोधक आहे. १९२३ च्या ‘स्प्रिंग अँड ऑल’ या संग्रहातील एका लाल हातगाडीवरची ही अवघ्या सोळा शब्दांची कविता. डॉक्टर एका मरणोन्मुख मुलाच्या खाटेशी बसला होता, खिडकीतून त्याला ती गाडी दिसली आणि त्या व्याकुळ क्षणी कविता सुचली, अशी ती कथा. स्वतः विल्यम्सने सांगितलेली हकीकत निराळी आहे : मार्शल नावाच्या एका वृद्ध कृष्णवर्णीय शेजाऱ्याविषयीचा स्नेह तिच्या मुळाशी होता. २०१५ मध्ये संशोधकांनी या मार्शलची ओळखही पटविली. तो रदरफर्डमध्येच राहणारा भाजीविक्रेता होता. मग मरणाऱ्या मुलाची गोष्ट का रुजली? वस्तू नुसती वस्तू म्हणून पाहणे आपल्याला जड जाते. तिच्यामागे एखादे आजारी मूल आणून बसविले की वाचकाचे डोळे पाणावतात आणि कविता समजल्यासारखी वाटते. ज्या भावुकतेला दूर ठेवण्यासाठी विल्यम्सने उभा जन्म झगडा केला, तीच त्याच्या व्यवसायाचा आधार घेऊन मागील दाराने परत आली!

४

मूल हा विषय भावुकतेला विशेष अनुकूल आहे, आणि भारतीय वाचकाच्या बाबतीत तर अधिकच. आपल्या साहित्यशास्त्रात विश्वनाथाने वत्सल हा स्वतंत्र रस मानला. सूरदासांच्या पदांपासून आपल्या जात्यावरच्या ओव्या व पाळणे यांपर्यंत भारतीय काव्यातील मूल प्रायः आईच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. त्या दृष्टीचे ऐश्वर्य कोणी नाकारणार नाही. पण तिची मर्यादाही स्पष्ट आहे : ते मूल नेहमी ‘आपले’ असते. बालरोगचिकित्सकासमोर येणारे मूल परक्याचे असते. ते त्याला पाहून हसत नाही, किंचाळते. त्याच्या हातावर लाथा मारते. पुष्कळदा ते घाणेरडे, कुपोषित आणि दिसायला अप्रिय असते. त्याच्यावर प्रेम करण्याची डॉक्टरवर सक्ती नाही. त्याच्याकडे नीट पाहण्याची मात्र आहे.

‘व्हाइट म्यूल’ (१९३७) या कादंबरीत विल्यम्सने असे मूल मध्यभागी ठेवले. पत्नीच्या बालपणावर आधारलेल्या या कथेची नायिका एक नुकती जन्मलेली मुलगी आहे. आईला मुलगा हवा होता. मुलगी झाली म्हणून ती तिच्याकडे पाहतही नाही. पुढे मूल अशक्त होते, वजन घटते, डॉक्टरांकडे जावे लागते, आणि खेड्यातल्या मोकळ्या हवेत ते सुधारते. एवढेच कथानक. पण जन्माचे पहिले क्षण, दूध ओढण्याचा प्रयत्न, पुरळ, रडणे, झोप यांचे वर्णन ज्या निःशब्द बारकाईने येथे केले आहे, त्यात वात्सल्याचा लवलेश नाही आणि कठोरपणाही नाही. हे मूल कशाचेही प्रतीक नाही. ते जगू पाहणारे एक स्वतंत्र शरीर आहे. आईच्या स्वभावातील महत्त्वाकांक्षा, बापाची छापखान्यातली धडपड ही सारी मोठ्यांची कथा त्या शरीराभोवती फिरते. वात्सल्याला वगळूनही बाल्याचे चित्रण रसपूर्ण होऊ शकते, हे या कादंबरीने सिद्ध केले आहे. आपल्या रसचर्चेने या पुराव्याची दखल घेण्यास हरकत नाही.

५

तथापि विल्यम्सचे खरे आत्मचरित्र शोधावयाचे तर त्याच्या डॉक्टरी कथांकडेच गेले पाहिजे. ‘द नाइफ ऑफ द टाइम्स’ (१९३२) आणि ‘लाइफ अलाँग द पॅसेइक रिव्हर’ (१९३८) या संग्रहांत त्या आल्या. १९८४ साली रॉबर्ट कोल्स या बालमनोविकारतज्ज्ञाने त्या ‘द डॉक्टर स्टोरीज’ या नावाने एकत्र केल्या आणि विल्यम्सच्या डॉक्टर मुलाने त्यांस वडिलांच्या आठवणींची जोड दिली.

‘द यूज ऑफ फोर्स’ ही त्यांतील सर्वांत विख्यात कथा. एका गरीब घरी डॉक्टर येतो. मुलीला तीन दिवस ताप आहे. तिच्या शाळेत घटसर्पाच्या केसेस झालेल्या आहेत. घसा पाहणे आवश्यक आहे आणि मुलगी तोंड उघडावयास तयार नाही. आई गोड बोलते, बाप तिला धरतो आणि लाजून ऐन वेळी सोडून देतो. मुलगी डॉक्टरचा चष्मा उडविते, लाकडी पट्टी दातांनी फोडते. शेवटी चमच्याने जबरदस्तीने तोंड उघडले जाते आणि टॉन्सिलवरचा पडदा दिसतो. तीन दिवस तिने तो सर्वांपासून लपविला होता. वैद्यकीय दृष्ट्या डॉक्टर बरोबर होता. पण कथा तेथे संपत नाही, किंबहुना ती कथाच नाही. कथा ही आहे की, त्या झटापटीत डॉक्टरला संताप आला आणि त्या संतापात त्याला सुख वाटले. मुलीचे हित, इतरांचे रक्षण, सामाजिक कर्तव्य ही सारी कारणे खरीच होती. परंतु हात चालत होते ते त्या कारणांनी नव्हे. हे त्याने स्वतःच सांगितले आहे. आणि त्याच वेळी, ज्या मुलीला तो नमविणार आहे तिच्याविषयीच त्याच्या मनात आदर निर्माण झालेला आहे. गयावया करणाऱ्या आईबापांविषयी नव्हे.

शक्ती असणाऱ्या उपकारकर्त्याच्या मनात काय चालते, याचे इतके निर्भीड दर्शन मी क्वचितच पाहिले आहे. मराठी कथेत डॉक्टर बहुधा दोन रूपांत येतो : देवमाणूस किंवा पैशाचा लोभी. उपकार करता करताच क्रूर होणारा आणि ते स्वतःपाशी कबूल करणारा डॉक्टर त्या दोहोंपेक्षा अधिक खरा आहे. गद्यातील संवादांना विल्यम्स अवतरणचिन्हे देत नाही. त्यामुळे बोललेले आणि मनातले एकमेकांत मिसळते व डॉक्टरच्या सभ्य वाक्यामागचा असभ्य विचार आपल्याला त्याच ओळीत ऐकू येतो. तंत्र आशयातून कसे उगवते याचे हे उत्तम उदाहरण ठरावे.

‘जीन बाइकी’ ही कथा आणखी पुढे जाते. मंदीच्या वर्षांतील हिवाळा. रुग्णालयात अकरा महिन्यांची एक कुरूप, लांब पायांची मुलगी येते. अशी मुले जगून तरी काय होणार, असे डॉक्टर आपसांत क्रूर विनोदाने बोलत असतात. हळूहळू परिचारिकांचा आणि त्याचाही जीव त्या मुलीत गुंततो. ती मरते. शवविच्छेदनात कानामागच्या हाडातील पू आढळतो. तो कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. वेळीच तो ध्यानात आला असता तर कदाचित ती वाचली असती. चूक डॉक्टरांची होती आणि सांगणारा त्यांतलाच एक आहे. कथेत अश्रू नाहीत. मर्ढेकरांनी ‘भावनानिष्ठ समतानता’ म्हणून ज्या तत्त्वाचा उल्लेख केला, त्याच्या जवळ जाणारे काही येथे घडते : मेजावर उघडलेले ते कानाचे हाड आणि आरंभीचा तो विनोद एकमेकांसमोर येतात, आणि बाकीचे वाचकाला न सांगता कळते.

‘अ फेस ऑफ स्टोन’ या कथेत डॉक्टरचा पूर्वग्रहच उघडा पडतो. पोलंडहून आलेले एक यहुदी जोडपे मूल घेऊन येते. वेळी-अवेळी येते, मागणी करते, डॉक्टरला ते असह्य होते. जातीवाचक तुच्छता त्याच्या मनात बिनदिक्कत उमटते. मग एके दिवशी तो त्या दगडी चेहऱ्याच्या स्त्रीचे मुडदुसाने वाकलेले पाय पाहतो, महायुद्धातील तिच्या उपासमारीची हकीकत ऐकतो, आणि नवरा तिची एवढी काळजी का घेतो हे त्याला उमगते.

आता एक आक्षेप येथे उभा राहतो आणि तो बाजूला सारता येणार नाही. हे रुग्ण गरीब होते, परभाषी होते. डॉक्टर घरात आला तो त्यांच्या विश्वासाने. त्यांची व्यंगे, त्यांची घाण, त्यांच्या मुलांचे मरण यांचे वाङ्मय करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? पूर्वग्रह कबूल केला म्हणजे तो क्षम्य होतो काय? माझ्या मते या आक्षेपाचे संपूर्ण निरसन होत नाही. काही कथांत, विशेषतः स्त्रियांच्या वर्णनात, डॉक्टरची नजर वैद्याची राहत नाही आणि लेखकाला त्याचे पुरेसे भान नाही. परंतु उत्कृष्ट कथांत एक न्याय निश्चित आहे : त्यांत तपासला जातो तो मुख्यतः डॉक्टर. रुग्णाचे शरीर उघडे पडते त्याहून अधिक डॉक्टरचे मन उघडे पडते. जेथे हा तोल साधला आहे तेथे कथा टिकते. जेथे सुटला आहे तेथे ती केवळ चमकदार नोंद होते. दुसऱ्याच्या दुःखावर लिहिणाऱ्या कोणत्याही लेखकाला, मग तो डॉक्टर असो, शिक्षक असो वा समाजकार्यकर्ता असो, ही कसोटी लावून पाहता येईल.

६

१९५१ साली विल्यम्सने आपला दवाखाना थोरला मुलगा विल्यम एरिक याच्या हवाली केला. तोही मुलांचाच डॉक्टर. १९५२ मध्ये पक्षाघाताचा आणखी गंभीर झटका आला. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयातील काव्यविषयक सल्लागाराच्या पदावर त्याची नेमणूक झाली होती. पण राजकीय संशयाच्या त्या वातावरणात ती रखडली आणि ते पद त्याने कधीच सांभाळले नाही. १९५३ साली खोल विषण्णतेमुळे त्याला रुग्णालयात राहावे लागले. चाळीस वर्षे खाटेच्या या बाजूला उभा असलेला मनुष्य आता खाटेवर होता. पुढे तो एका हाताने, एकेक अक्षर दाबीत टंकलेखन करू लागला.

आणि नेमक्या याच काळात त्याने आपली काही श्रेष्ठ कविता लिहिली. ‘द डेझर्ट म्यूझिक’ (१९५४), ‘जर्नी टु लव्ह’ (१९५५), ‘पॅटर्सन’चा पाचवा खंड (१९५८) आणि ‘पिक्चर्स फ्रॉम ब्रॉयगेल’ (१९६२) हे संग्रह या वर्षांतले. शेवटच्या संग्रहाला १९६३ साली मरणोत्तर पुलित्झर पारितोषिक मिळाले. मग आपण आतापर्यंत केलेले विवेचन कोलमडत नाही काय? व्यवसाय सुटताच कविता बहरली, तर व्यवसाय हा अडथळाच होता, असे कोणी म्हणेल.

हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण या कविता वाचल्या की तो टिकत नाही. त्यांत नवे रुग्ण नाहीत, रस्त्यावरची माणसे विरळ झाली आहेत. तीन पायऱ्यांनी उतरत जाणारी जी ओळ आता तो वापरतो, तिच्यात घाईचा स्पर्श उरलेला नाही. ती आठवणीच्या गतीने चालते. समोरच्या वस्तूऐवजी स्मृती आणि ब्रॉयगेलची चित्रे हा आता तिचा विषय आहे. मात्र त्या चित्रांत तो काय पाहतो? खेडुतांची लग्ने, मुलांचे खेळ, आंधळ्यांची रांग, शेतात थकून पडलेले मजूर. पॅसेइकच्या काठी चाळीस वर्षे ज्यांना तपासले तीच माणसे त्याला सोळाव्या शतकातील चित्रांत भेटतात. संचय व्यवसायाचा होता. निवृत्तीने तो उलगडण्यास अवधी दिला.

आणखी एक गोष्ट निवृत्तीने केली. आत्मचरित्रात आपल्या वैवाहिक जीवनातील प्रमादांविषयी तो मौन पाळतो. ते सांगणार नाही असे आरंभीच बजावतो. चारच वर्षांनी ‘अ‍ॅस्फोडेल, दॅट ग्रीनी फ्लॉवर’ या दीर्घ कवितेत तो पत्नीसमोर कबुली देतो आणि क्षमा मागतो. डॉक्टर इतरांची गुपिते सांभाळतो. स्वतःचे सांगण्याची त्याला सवय नसते. रुग्ण झाल्यावर ती त्याने शिकून घेतली. गद्य आत्मचरित्राने जे टाळले ते कवितेने पुरे केले, आणि म्हणून विल्यम्सचे आत्मचरित्र वाचावयाचे तर तिन्ही एकत्र ठेवून वाचले पाहिजे : १९५१ चे ते विस्कळीत पुस्तक, तिसांच्या दशकातील डॉक्टरी कथा, आणि निवृत्तीनंतरची ही कविता. त्यांपैकी पहिले सर्वांत दुबळे आहे, हे त्याच्या नावाने फसून न जाता मान्य करावे.

७

मराठी वाचकाला विस्कळीत आत्मकथन नवे नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्येही कालक्रमाची काटेकोर शिस्त नाही. पण तेथे प्रत्येक वस्तू, प्रत्येक माणूस आपल्या जागी जिवंत उभा आहे, कारण सांगणारीला आपण वाङ्मय करीत आहोत याची चिंता नाही. विल्यम्सचे आत्मचरित्र फसते ते तो वाङ्मयीन मंडळींविषयी बोलतो तेथे. दवाखान्याचे दार उघडले की तेही लक्ष्मीबाईंच्या जवळ येते. यातून काही घ्यावयाचे असेल तर ते हेच.

आरंभीच्या प्रश्नाकडे पुन्हा येऊ. व्यवसाय लेखकाला खातो की पोसतो? विल्यम्सच्या उदाहरणावरून सरसकट नियम काढणे चुकीचे होईल. त्याचा व्यवसाय त्याला रोज माणसांच्या घरात नेत होता. प्रत्येक व्यवसाय तसा नेत नाही. शिवाय घर, जेवण आणि दूरध्वनी सांभाळणारी फ्लॉरेन्स त्याच्या मागे उभी होती, ही गोष्ट अशा चर्चेत सोयीस्करपणे विसरली जाते. व्यवसायाने त्याचे नुकसानही केले : पुष्कळ पाने अर्धवट राहिली, पुष्कळ कथा एका बैठकीच्या खुणा अंगावर वागवितात. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. ज्या कामासाठी माणसाला स्वतःला विसरावे लागते, ते काम लेखनाचे शत्रू असत नाही. वेळ मिळाला असता तर आपण काय लिहिले असते, याचा हिशोब मांडणाऱ्या लेखकाने कधीतरी हाही हिशोब मांडावा की, जो वेळ कामात गेला त्यात आपण समोरच्याकडे खरोखर पाहिले होते का. विल्यम्सने पाहिले होते. ते मूल त्याचे नव्हते. म्हणूनच ते त्याला स्पष्ट दिसले.